संगणक सुरू व्हायला वेळ लागतो? आधी घड्याळ लावा

संगणक सुरू व्हायला पाच-सहा मिनिटे लागू लागली की कुणीतरी हमखास सांगतो, 'फॉरमॅट मार, होईल नीट.' थोडे दिवस होतेही नीट, कारण विंडोजबरोबर आपोआप उठणारे सगळे प्रोग्रॅम त्यात पुसले जातात. पण दोष झिजलेल्या हार्ड डिस्कमध्ये असेल तर महिन्याभरात ये रे माझ्या मागल्या. मधल्या मध्ये घरचे फोटो, देवस्थानच्या पावत्यांची फाइल, मुलांचे प्रोजेक्ट मात्र कायमचे गेलेले असतात. म्हणून फॉरमॅट अगदी शेवटी. आधी वेळ नेमका कुठे जातो ते शोधायचे, आणि त्यासाठी मोबाइलमधले स्टॉपवॉच पुरते.

इथली माहिती विंडोज १० आणि ११ ला धरून आहे. मेनूंची नावे पडद्यावर इंग्रजीत दिसतात तशीच देवनागरीत दिली आहेत.

चार टप्पे, चार आकडे

संगणक सुरू होणे हे एकच काम नाही. एकामागून एक चार कामे होतात, आणि प्रत्येकाचे दुखणे वेगळे असते.

पहिला टप्पा बटण दाबल्यापासून पडद्यावर ठिपक्यांचे चक्र फिरू लागेपर्यंत. यात विंडोजचा संबंध नसतो. मदरबोर्डवरचा बायोस, म्हणजे नव्या मशीनमधला यूईएफआय, रॅम, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का ते बघतो आणि कुठून सुरुवात करायची ते ठरवतो. दुसरा टप्पा चक्र फिरू लागल्यापासून लॉगिनचा पडदा येईपर्यंत. विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचे वेगवेगळे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम, या वेळी डिस्कवरून रॅममध्ये येतात. तिसरा टप्पा पासवर्ड घातल्यापासून खालची टास्कबार दिसेपर्यंत. चौथा टास्कबार दिसल्यापासून ब्राउझर उघडून एखादे पान वाचता येईपर्यंत. हा चौथा टप्पा सहसा कुणी मोजत नाही, आणि जुन्या मशीनचा सर्वांत जास्त वेळ बहुतेक वेळा तिथेच जातो.

कागदावर चारही आकडे लिहा. एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली नवी डिस्क, असलेल्या धड मशीनला पहिल्या तीन टप्प्यांना मिळून अर्धे मिनिट पुरते. हार्ड डिस्कवर विंडोज असेल तर दीड-दोन मिनिटे चालवून घ्यावीत. तीन मिनिटांच्या वर गेले तर काहीतरी बिघडले आहे. पहिल्या एकट्या टप्प्याला २० सेकंदांहून जास्त लागत असतील तर विंडोजमध्ये काहीही बदलून फरक पडणार नाही.

मोजणी दोनदा करा: एकदा शट डाउन करून परत चालू करताना, एकदा रीस्टार्ट करताना. दोन्हींत फरक असतो. २०१२ च्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. शट डाउन केले की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर जसे होते तसे डिस्कवर लिहून ठेवले जातात. दुसऱ्या दिवशी तेवढेच उचलून रॅममध्ये ठेवायचे, सगळे नव्याने मांडायचे नाही. रीस्टार्टमध्ये मात्र सगळे मुळापासून सुरू होते. त्यामुळे रीस्टार्टला थोडा जास्त वेळ लागणे स्वाभाविक आहे. उलटे होत असेल, म्हणजे रीस्टार्ट झटकन आणि सकाळची सुरुवात रखडत, तर लिहून ठेवलेल्या त्या गाभ्यातच गोंधळ आहे असे समजा. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' असे जा आणि फास्ट स्टार्टअपची खूण काढा. दोन-तीन दिवस मोजा. सुधारले नाही तर खूण परत घाला. हार्ड डिस्कच्या मशीनवर ही सोय बंद ठेवली तर नुकसानच होते.

याच कारणाने, रोज रात्री संगणक बंद करणाऱ्यालाही टास्क मॅनेजरच्या (तो उघडायच्या कळा पुढे दिल्या आहेत) परफॉर्मन्स पानावर 'अप टाइम', म्हणजे सलग चालू असल्याचा काळ, दहा-बारा दिवसांचा दिसतो. काहीही तपासण्याआधी एकदा रीस्टार्ट करा. अडलेला एखादा ड्रायव्हर तेवढ्यानेच सुटतो.

आणखी एक गोष्ट. मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. त्यानंतरच्या एक-दोन सुरुवाती लांबल्या तर त्या दिवशीचा आकडा धरू नका. 'वर्किंग ऑन अपडेट्स' असे दिसत असताना बटण दाबून बंद तर मुळीच करू नका.

पहिला टप्पा रखडतो तेव्हा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि 'स्टार्टअप ॲप्स' पानावर जा. वरच्या कोपऱ्यात 'लास्ट बायोस टाइम' म्हणून सेकंदांत आकडा असतो. तुमच्या स्टॉपवॉचचा आणि हा आकडा साधारण जुळला पाहिजे.

आकडा मोठा असेल तर कीबोर्ड, माउस आणि पडदा सोडून यूएसबीला लावलेले सगळे काढा: पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, प्रिंटर, कार्ड रीडर, मोबाइलची चार्जिंग वायर. परत मोजा. बायोस प्रत्येक वस्तूला 'तुझ्यावरून सुरू होता येईल का' असे विचारत बसतो, आणि कुरकुरणारी पेन ड्राइव्ह उत्तर द्यायला वेळ लावते. पुष्कळदा दोष इथेच संपतो.

काळ्या पडद्यावर 'स्टार्ट पीएक्सई ओव्हर आयपीव्ही४' अशी ओळ दिसत असेल तर मशीन नेटवर्कवरून सुरू व्हायचा प्रयत्न करते आहे. मोठ्या कचेऱ्यांसाठी ठेवलेली ती सोय आहे, घरी तिचा उपयोग नाही. बायोसमध्ये जाऊन बूट ऑर्डरमध्ये, म्हणजे कुठून सुरू व्हायचे त्या क्रमात, 'विंडोज बूट मॅनेजर' सर्वांत वर आणा आणि नेटवर्क बूट बंद करा. बायोसमध्ये शिरायची कळ डेल, एसर आणि आसुसच्या लॅपटॉपवर बहुधा एफ२, एचपीवर एफ१०, लेनोव्होवर एफ१ किंवा एफ२, आणि जोडून घेतलेल्या डेस्कटॉपवर डिलीट. मशीन चालू करताच ती कळ सारखी टपटप दाबत राहायची. तिथे 'फास्ट बूट' दिसले तर चालू करायला हरकत नाही, पण काही बोर्डांवर त्यानंतर ही कळ लागत नाही. मग विंडोजमधून शिफ्ट धरून रीस्टार्ट केल्यावर ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज या वाटेने आत शिरावे लागते.

बायोसमध्ये हात घालण्याआधी बिटलॉकरची चावी हाताशी ठेवा. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असू शकते. बायोसमध्ये काही बदलले की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती आधीच उतरवून कागदावर लिहून ठेवा. चावी सापडली नाही तर आतला डेटा गेला असे समजा. दुकानदारही तो काढू शकत नाही.

दर वेळी तारीख मागे जाते आणि 'प्रेस एफ१' असे काहीतरी दिसते? मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी संपली आहे. ती सीआर२०३२, तीन व्होल्टची. घड्याळाच्या दुकानातही मिळते. ती गेली की बायोस आपली सेटिंग्ज विसरतो आणि दर वेळी पहिल्यापासून शोधाशोध करतो. तारीख चुकल्यामुळे ब्राउझरही प्रत्येक वेबसाइट असुरक्षित म्हणतो, आणि लोक उगीच इंटरनेटवाल्याला फोन करतात. मशीनचा प्लग भिंतीत चालू असेपर्यंत या बॅटरीवर भार जवळजवळ नसतो. वर्षभर बंद राहून चवथीला उघडणाऱ्या घरांतल्या डेस्कटॉपची बॅटरी म्हणूनच लवकर उतरते.

डीडीआर५ रॅमच्या नव्या मशीनमध्ये रॅम बदलल्यावर किंवा बायोस अपडेट केल्यावर पहिल्या सुरुवातीला पडदा दोन-चार मिनिटे काळा राहू शकतो. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. बटण दाबू नका, थांबा.

दुसरा टप्पा: डिस्क बोलते, ऐका

चक्र फिरतच राहते, लॉगिन येत नाही, कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा सतत पेटलेला. इथे पहिला संशय डिस्कवर घ्यायचा. टक् टक् असा ठरावीक लयीत आवाज येत असेल तर पुढचे काहीही वाचण्याआधी महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या. तशी डिस्क आज चालते म्हणून उद्या चालेलच असे नाही.

क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट मिळणारा छोटा प्रोग्रॅम डिस्कची स्वतःची नोंदवही वाचून दाखवतो. त्यात तीन ओळी बघा: ०५ क्रमांकाची 'रीॲलोकेटेड सेक्टर्स', सी५ ची 'करंट पेंडिंग सेक्टर' आणि सी६ ची 'अनकरेक्टेबल'. उजवीकडच्या रॉ व्हॅल्यूच्या रकान्यात तिन्हीकडे शून्य असले पाहिजे. ०५ मध्ये लहान, न वाढणारा आकडा असेल तर लक्ष ठेवून काही दिवस काढता येतात. सी५ मध्ये आकडा आला आणि आठवड्याने वाढला, तर डिस्क बदला. डिस्क त्या जागा पुन्हा पुन्हा वाचून बघत असते, आणि तुमचे चक्र तोवर फिरत राहते. सी७ म्हणजे 'सीआरसी एरर' वाढत असेल तर डिस्क बरी, तिला बोर्डाशी जोडणारी साटा केबल सैल किंवा खराब. केबल स्वस्त आहे, आधी ती बदला.

विंडोजची नोंदवहीही आहे. स्टार्टवर उजवे क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर उघडा. 'ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज', मायक्रोसॉफ्ट, विंडोज, 'डायग्नॉस्टिक्स परफॉर्मन्स', ऑपरेशनल अशी एकेक घडी उलगडत जा. १०० क्रमांकाच्या नोंदीत त्या सुरुवातीचा एकूण वेळ मिलिसेकंदांत असतो. ९५,००० लिहिले असेल तर ९५ सेकंद. तिच्या तपशिलात 'मेनपाथ बूटटाइम' हा डेस्कटॉपपर्यंतचा वेळ आणि 'बूट पोस्ट बूटटाइम' हा त्यानंतर मशीन शांत होईपर्यंतचा. आसपासच्या १०१ क्रमांकाच्या नोंदी उशीर करणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव सांगतात, १०२ ड्रायव्हरचे, १०३ सर्व्हिसचे, म्हणजे मागे गुपचूप चालणाऱ्या प्रोग्रॅमचे. एकच नाव रोज येत असेल तर तुमचा गुन्हेगार सापडला.

'स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह' असे रोज येत असेल तर? वीज गेल्यावर एकदा आले तर ठीक, विंडोज अर्धवट लिहिलेल्या नोंदी सावरते आहे. रोज आले तर ०५ आणि सी५ च्या ओळींकडे परत या. मरू घातलेल्या डिस्कवर चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासणी, चालवणे म्हणजे दमेकऱ्याला डोंगर चढायला लावणे. आधी बॅकअप, मग तपासणी.

डिस्क निरोगी निघाली तर सेफ मोड करून बघा. शिफ्ट धरून रीस्टार्ट, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग ४ ची कळ. सेफ मोडमध्ये फक्त अत्यावश्यक ड्रायव्हर असतात. तिथे झटकन सुरू झाले तर दोष बाहेरच्या ड्रायव्हरचा किंवा सॉफ्टवेअरचा. तिथेही रखडले तर डिस्क, रॅम किंवा खुद्द विंडोजच्या फाइली.

पासवर्डनंतरची वाट

टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप ॲप्स पानावर प्रत्येक नावापुढे 'स्टार्टअप इम्पॅक्ट' असतो. 'हाय' म्हणजे त्या प्रोग्रॅमने सुरुवातीला प्रोसेसरचा एक सेकंदाहून जास्त वेळ किंवा डिस्कची तीन एमबीहून जास्त वाचालिखी खाल्ली. हार्ड डिस्कवर असे सात-आठ प्रोग्रॅम एकदम उठले की मडगावच्या बाजारात चवथीच्या आदल्या दिवशी गाडी घालण्यासारखे होते.

उजवे क्लिक करून डिसेबल करायला हरकत नाही अशी नावे: टीम्स, स्पॉटिफाय, टॉरेंट, गेमचे लाँचर, अडोबीचे अपडेटर, प्रिंटरचा शाईची पातळी सांगणारा प्रोग्रॅम. डिसेबल केल्याने प्रोग्रॅम जात नाही. तुम्ही उघडाल तेव्हा तो चालतोच, आणि प्रिंटही निघते. हात लावू नये अशी नावे: विंडोज सिक्युरिटी, लॅपटॉपच्या टचपॅडचे सिनॅप्टिक्स किंवा एलान, आवाजाचे रिअलटेक. श्रीलिपी किंवा आयएसएमसारखे मराठी टंकलेखनाचे सॉफ्टवेअर रोज वापरत असाल तर तेही राहू द्या, नाहीतर सकाळी पहिल्याच पत्राला मराठी उमटणार नाही. वनड्राइव्हवर फोटो चढत असतील तर तोही ठेवा. नसेल तर बंद करा.

छपाई आणि डीटीपीच्या दुकानांत आणखी एक भार असतो, फाँटचा. लग्नपत्रिका आणि नाटकांच्या जाहिराती करता करता हजारभर फाँट साठतात. विंडोजला त्या सर्वांची नोंद ठेवावी लागते. लागतील तेवढे तीस-चाळीस ठेवून बाकीचे एका फोल्डरमध्ये हलवा, हवा तो तेवढ्यापुरता बसवा. फोटोशॉप आणि कोरलही त्याने लवकर उघडतात.

दोन अँटिव्हायरस एकत्र नांदत नाहीत. प्रत्येक फाइल दोघेही तपासतात, शिवाय एकमेकांनाही. मुदत संपलेला, वर्गणीची आठवण करून देणारा अँटिव्हायरस तर काढूनच टाका. विंडोजमधला डिफेंडर लगेच त्याची जागा घेतो. काढताना सेटिंग्जमधल्या ॲप्समधून काढा, त्या कंपनीचे खास रिमूव्हल टूल असेल तर तेही चालवा. नुसते फोल्डर पुसू नका.

पंचायतीच्या, शाळेच्या, पतसंस्थेच्या कचेरीत तिसरा टप्पा रखडतो तो बऱ्याचदा 'झेड' ड्राइव्हमुळे. दुसऱ्या संगणकावरचे फोल्डर ड्राइव्ह म्हणून जोडलेले असते. तो संगणक बंद असला की हा बिचारा त्याची वाट बघत राहतो. फाइल एक्सप्लोररमध्ये त्या ड्राइव्हवर उजवे क्लिक करून 'डिसकनेक्ट' करा, त्याऐवजी डेस्कटॉपवर शॉर्टकट ठेवा.

एवढ्यानेही भागले नाही तर अर्धे-अर्धे करण्याची रीत. स्टार्टमध्ये 'एमएसकॉन्फिग' शोधून उघडा, सर्व्हिसेस पानावर आधी 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस' ला खूण करा आणि मग उरलेल्यांतल्या निम्म्यांच्या खुणा काढा. ती पहिली खूण विसरलात तर विंडोजच्याच सर्व्हिसेस बंद पडतील. रीस्टार्ट करून मोजा. वेळ कमी झाला तर दोषी बंद केलेल्या निम्म्यांत, नाही तर उरलेल्यांत. पुन्हा निम्मे. सोळा सर्व्हिसेस असतील तर चार फेऱ्यांत नाव हाती येते. ज्याचा दोष नाही त्याची खूण शेवटी आठवणीने परत घाला.

हार्ड डिस्क काढून एसएसडी

वरचे सगळे केल्यावरही, डिस्क निरोगी असूनही, टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा सुरुवातीची पाच मिनिटे १०० टक्क्यांवर असेल तर यंत्राची मर्यादा आली. परफॉर्मन्स पानावर डिस्कच्या नावाखाली एचडीडी की एसएसडी ते लिहिलेले असते.

लॅपटॉपची हार्ड डिस्क बहुतेक करून मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, शिवाय सुई सरकायला वेगळा वेळ. सुरुवातीला विंडोज हजारो लहान फाइली इकडून-तिकडून मागते, आणि डिस्क सेकंदाला शंभरही देऊ शकत नाही. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. तीच मागणी मिलिसेकंदाच्या लहानशा हिश्शात पुरी होते. जुन्या मशीनला रॅम वाढवून जेवढा फरक पडतो त्याहून कितीतरी जास्त एसएसडीने पडतो. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर एसएसडी घ्या. रॅम चार जीबी असेल तर ती आठ करणे हे दुसरे काम.

कोणती घ्यावी? २.५ इंची साटा एसएसडी जवळजवळ प्रत्येक जुन्या मशीनमध्ये बसते. तिची जाडी ७ मिलिमीटर असते. जुन्या डिस्कच्या ९.५ मिलिमीटरच्या खाचेत ती हलत असेल तर बरोबर मिळणारी पट्टी चिकटवा. एम.२ची बारकी पट्टी घ्यायची असेल तर आधी बोर्डाच्या माहितीपत्रकात बघा, खाच साटाची की एनव्हीएमई या जास्त वेगवान जोडणीची. दोन्ही दिसायला सारख्या, पण एकीत दुसरी चालेलच असे नाही, आणि बरेच जुने बोर्ड एनव्हीएमईवरून सुरूच होत नाहीत. कागदावर साटा सेकंदाला ५५० एमबी आणि एनव्हीएमई ३,५०० एमबी देते. सुरुवातीच्या वेळात मात्र दोन्हींत काही सेकंदांचाच फरक, त्यामुळे जुन्या मशीनसाठी महागडीच्या मागे लागू नका.

जुनी डिस्क निरोगी असेल तरच तिची नक्कल करा. ती आजारी असेल तर फाइली काढून एसएसडीवर विंडोज नव्याने घाला. नकलेचा क्रम असा:

१. महत्त्वाच्या फाइली वेगळ्या डिस्कवर घ्या. बिटलॉकर चालू असेल तर तो आधी बंद करा आणि कुलूप पूर्ण उघडेपर्यंत थांबा.

२. जुन्या डिस्कवर वापरलेली जागा एसएसडीच्या आकाराहून कमी करा. ४८० जीबीच्या एसएसडीवर ६०० जीबीचे व्हिडिओ मावणार नाहीत.

३. एसएसडी यूएसबी-साटा केबलने जोडा, कंपनीच्या वेबसाइटवरचे क्लोनिंग सॉफ्टवेअर चालवा. कुठून आणि कुठे हे दोनदा वाचा. उलटे केलेत तर रिकाम्या डिस्कची नक्कल तुमच्या डेटावर बसेल. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला असू द्या.

४. नक्कल झाल्यावर बंद करा, प्लग काढा, लॅपटॉपची बॅटरी निघत असेल तर काढा. जुनी डिस्क काढून एसएसडी तिच्या जागी बसवा. स्क्रू बारीक असतात, वाटीत ठेवा.

५. पहिली सुरुवात फक्त एसएसडी लावून करा. जुनी डिस्कही जोडलेली असली तर विंडोज कुठल्या डिस्कवरून उठले ते कळत नाही.

६. 'नो बूट डिव्हाइस' आले तर बायोसमध्ये सुरू होण्याची पद्धत लेगसी (जुनी) की यूईएफआय (नवी) ते बघा. जुन्या डिस्कची मांडणी एमबीआर होती तर लेगसी, जीपीटी होती तर यूईएफआय.

जुनी डिस्क महिनाभर तशीच ठेवा, लगेच पुसू नका.

काही स्वस्त लॅपटॉपमध्ये डिस्कऐवजी बोर्डावरच डकवलेली ईएमएमसी असते. 'सी' ड्राइव्हची एकूण जागा २९ किंवा ५८ जीबीच्या आसपास दिसली तर बहुधा तीच. ती बदलता येत नाही. 'सी'वर पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवणे आणि स्टार्टअपची यादी जवळजवळ रिकामी करणे, एवढेच हाती राहते.

खारी हवा, जून ते सप्टेंबर

गोव्यात पावसाळ्याचे चार महिने हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. कोलवा, कळंगुट, मोरजी अशा किनारपट्टीच्या घरांत त्यात मीठही. त्याने रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात आणि खाचेतले काटे यांच्यामध्ये मळ धरतो. मग मशीन पहिल्या झटक्यात उठत नाही, पंखा फिरतो, पडदा काळा, मध्येच बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू, कधी लांब बीप. दोन-तीन प्रयत्नांनी चालू झाले तर लोक 'उशिरा सुरू होतो' म्हणतात. खरे तर तो आधी दोनदा पडून मग उठलेला असतो.

साफ करायला वीस मिनिटे लागतात. प्लग काढा, मग बटण पंधरा सेकंद दाबून ठेवा म्हणजे आत उरलेली वीज जाईल. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा. खाचेच्या टोकांचे चिमटे बाहेर ढकला, काही बोर्डांवर चिमटा एकाच टोकाला असतो. पट्टी वर उचलली जाते. ती कडांना धरून खिडकीशी न्या. दात स्वच्छ पिवळे दिसायला हवेत. काळसर किंवा हिरवट ठिपके म्हणजे मळ. शाळेतला मऊ पांढरा खोडरबर घ्या. शाई खोडायचा निळा-तांबडा नको, त्यात खर असते आणि सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. दातांच्या लांबीच्या दिशेने, एकाच बाजूला, हलक्या हाताने पाच-सहा वेळा पुसा. चुरा मऊ ब्रशने झाडा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन एकदा फिरवा, पाच मिनिटे सुकू द्या. खाचेत फुंकर मारू नका, तोंडातली वाफ आत जाते. पट्टीची खोबण खाचेतल्या उंचवट्याशी जुळवून दोन्ही अंगठ्यांनी सारखे दाबा. चिमटे स्वतःहून कट् असे बसले पाहिजेत. हे काम वर्षातून एखाद्या वेळी, दर महिन्याला नव्हे.

पावसाळ्यात वापर नसला तरी दोन-तीन दिवसांनी तासभर मशीन चालू ठेवा, आतल्या उष्णतेने ओल उडते. झाकायला प्लॅस्टिक नको, सुती कापड बरे, आणि तेही मशीन निवल्यावर.

मे अखेरीच्या गडगडाटात प्लगबरोबर ब्रॉडबँडची केबलही काढा. वीज तारेतून लॅन पोर्टमध्येही शिरते. डेस्कटॉपला ६०० व्हीएचा यूपीएस असावा. बंद करायला पाच-दहा मिनिटे मिळाली की अर्धवट लिहिलेल्या फाइली आणि दुसऱ्या दिवशीची डिस्क तपासणी दोन्ही टळतात. त्यातली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते. दिवा हिरवा असला तरी प्लग काढून ती किती वेळ टिकते ते सहा महिन्यांनी बघा. लेझर प्रिंटर यूपीएसला कधीच जोडू नका.

करू नये ते

प्रीफेच फोल्डर रिकामे करू नका. सुरुवातीला कोणत्या फाइली लागतात याची विंडोजने करून ठेवलेली टाचणे त्यात असतात. ती पुसली की पुढच्या काही सुरुवाती उलट लांबतात. एमएसकॉन्फिगमध्ये 'नंबर ऑफ प्रोसेसर्स' वाढवल्याने काही होत नाही, विंडोज मुळातच सगळे वापरते. ती जागा मर्यादा घालून चाचणी करण्यासाठी आहे. रजिस्ट्री क्लीनर आणि ड्रायव्हर अपडेटर नावाचे प्रोग्रॅम तर बसवूच नका. हे स्वतःच स्टार्टअपच्या यादीत जाऊन बसतात. एसएसडीवर बाहेरच्या प्रोग्रॅमने डीफ्रॅग, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणणे, नको, विंडोजचे 'ऑप्टिमाइझ' तिच्यासाठी वेगळे काम करते.

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, चार जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, शिवाय प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतला हवा. यादीत नसलेल्या मशीनवर विंडोज ११ जबरदस्तीने घालण्यापेक्षा एसएसडी बसवून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली घाला. पत्रे, इंटरनेट, मराठी टंकलेखन एवढ्या कामाला ते मशीन अजून बरीच वर्षे चालेल.

दुकानात देताना

चिठ्ठीवर लिहा: चार टप्प्यांचे चार आकडे, शट डाउननंतरचे आणि रीस्टार्टचे. ०५, सी५, सी६, सी७ च्या ओळींतले आकडे. सेफ मोडमध्ये काय झाले. शेवटचे काय बदलले आणि कधी: नवा प्रिंटर, वीज गेली, अपडेट. चिठ्ठीच्या खाली 'विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये' आणि तुमचा फोन. रॅम किंवा डिस्क बदलली तर बिलावर तिची कंपनी, आकार आणि सिरियल क्रमांक लिहून घ्या, आणि काढलेली जुनी डिस्क परत मागा. तिच्यावर तुमचे फोटो आणि पासवर्ड अजून आहेत.